मासा हुशार की पाणी प्रतिकूल?

गळ टाकून तासन्‌तास काही लागलं नाही, की दोन तर्क निघतात. एक म्हणतो, मासा शहाणा झालाय, आमिष ओळखतो. दुसरा म्हणतो, आज पाणीच बरोबर नाही.

पहिला तर्क भाबडा मुळीच नाही. डच संशोधक बोइकेमा यांनी 1970 मध्ये कार्प माशांवर दाखवलं, की एकदा गळाला लागून सुटलेला मासा पुढे बराच काळ गळ टाळतो. त्यामुळे जिथे मासे धरून परत सोडतात, तिथे आमिष बदलणं, दोरी बारीक करणं फळतं. शिवाय मासा पार्श्वरेषेने, म्हणजे अंगाच्या दोन्ही बाजूंना असलेल्या संवेदनशील रेषेने, पाण्यातली बारीक हालचाल टिपतो. काठावर पाय आपटणं खरंच महागात पडतं.

तरी माझा कौल दुसऱ्या तर्काला. माशाचं शरीर पाण्याच्या तापमानावर चालतं. गार पाण्यात पचन मंदावतं, भूकही. उलट पाणी तापलं की शरीराला प्राणवायू जास्त लागतो, आणि पाण्यात तो नेमका कमी विरघळतो: गोड्या पाण्यात 10 अंश सेल्सिअसला लिटरमागे सुमारे 11 मिलिग्रॅम, 30 अंशांना साधारण साडेसात. मग मासा वाहत्या धारेकडे किंवा सावलीत सरकतो, पहाटे-संध्याकाळी खातो. अशा दुपारी आमिषांची अख्खी पेटी उलटी केली तरी उपयोग शून्य. जागा आणि वेळ बदला.

आमिषाचा विचार त्यानंतर. अपवाद एकच, रोज गळ पडणारं लहान तळं. तिथे पहिला तर्कच आधी धरावा.