वर्डमध्ये सेव्हसाठी मॅक्रो: आठ महिन्यांनंतर

लांबलचक अहवाल लिहिणं आणि तपासणं हे माझं रोजचं काम. एकेका फाइलच्या दहा-बारा आवृत्त्या होतात, आणि परवाचा परिच्छेद आज हवा असतो तेव्हा तो कुठेच सापडत नाही. म्हणून आठ महिन्यांपूर्वी सेव्हचं काम मॅक्रोवर, म्हणजे वर्डमध्येच लिहिलेल्या छोट्या प्रोग्रॅमवर, सोपवलं. आता कंट्रोल-एस दाबलं की मूळ फाइल सेव्ह होते आणि तारीख-वेळ लावलेली प्रत शेजारच्या फोल्डरमध्ये पडते.

मॅक्रोचं नाव 'फाइलसेव्ह' असं सलग ठेवलं की वर्ड स्वतःच्या आज्ञेऐवजी तोच चालवतं. मॅक्रो नॉर्मल टेम्प्लेटमध्ये (वर्डच्या मूळ साच्याच्या फाइलमध्ये) ठेवला की तो प्रत्येक फाइलला लागू होतो.

पहिल्या महिन्यातच मी चांगली तोंडघशी पडले. प्रत काढायला मी 'सेव्हअ‍ॅज' (नव्या नावाने सेव्ह करण्याची आज्ञा) वापरलं होतं. त्यानंतर समोर उघडी असते ती नवी प्रत, मूळ फाइल नव्हे. टायटल बारवरचं नाव बदललेलं मी पाहिलंच नाही. दोन दिवस दुरुस्त्या प्रतीत करत राहिले आणि पाठवली मात्र जुनी मूळ फाइल. आता आधी साधं सेव्ह, मग फाइलसिस्टिमऑब्जेक्टच्या (फाइली हाताळणाऱ्या विंडोजच्या साधनाच्या) 'कॉपीफाइल'ने प्रत. व्हीबीएची (मॅक्रो ज्या भाषेत लिहितात तिची) स्वतःची 'फाइलकॉपी' आज्ञा उघड्या फाइलला हात लावत नाही. लिबरऑफिस या मोफत ऑफिस-संचात ही कसरत लागत नाही; तिथे 'स्टोअर-टू-यूआरएल' प्रत काढतं आणि समोरची फाइल तशीच राहते.

मराठीत काम करणाऱ्यांनी एक गोष्ट आधीच लक्षात घ्यावी. व्हीबीएच्या संपादकात देवनागरी टिकत नाही. 'प्रत' लिहिलं की तिथे प्रश्नचिन्हं उमटतात, आणि विंडोजला फाइलच्या नावात प्रश्नचिन्ह चालत नाही, त्यामुळे मॅक्रो अडतो. अक्षरांचे आकडे देता येतात (क म्हणजे २३२५), पण ते वाचताना जीव जातो. मी कोडमध्ये मराठी लिहितच नाही. फाइलचं आहे तेच नाव उचलायचं आणि पुढे तारीख जोडायची. ते नाव मराठी असलं तरी शाबूत राहतं. वेळेत विसर्गासारखं चिन्ह नको, तेही नावात चालत नाही.

कधीच सेव्ह न केलेल्या फाइलचा 'पाथ' (फाइल कुठे आहे तो पत्ता) रिकामा असतो. तेवढं तपासून नेहमीची सेव्ह-अ‍ॅज खिडकी उघडायची.

सुरक्षेचं म्हणाल तर 'सगळे मॅक्रो चालू' हा पर्याय मी कधीच निवडला नाही, कुणी निवडूही नये. १९९९ चा मेलिसा विषाणू वर्डच्या मॅक्रोतूनच पसरला होता. नॉर्मल टेम्प्लेटचा फोल्डर मुळातच विश्वासू जागांत (जिथले मॅक्रो वर्ड न अडवता चालवतं त्या फोल्डरांत) धरलेला असतो, त्यामुळे सेटिंग ढिली करावी लागत नाही.

एक उणीव अजून सुटलेली नाही. फाइल वनड्राइव्हवर (मायक्रोसॉफ्टच्या ऑनलाइन साठ्यावर) असेल तर 'पाथ' म्हणून वेबपत्ता हाती येतो आणि 'कॉपीफाइल' तिथे थांबतं. तूर्तास चालू अहवाल मी संगणकाच्या साध्या फोल्डरमध्येच ठेवते आणि काम संपलं की वर चढवते.