आधी फ्यूज की आधी जोडणी? दोन ओळींच्या ब्रॅकेटेड पॅनोरामाचं काय करावं

लोणारच्या पश्चिम काठावर उजाडताना उभं राहिलं की समोर आभाळ पांढरंफट्ट असतं अन् खाली पाणी आणि बाभळी अजून अंधारात, त्यामुळे ब्रॅकेट केल्याशिवाय, म्हणजे एकाच दृश्याचे कमी-जास्त उजेडाचे फोटो घेतल्याशिवाय, गत्यंतर नाही. विवर पावणेदोन किलोमीटरच्या वर रुंद आहे. मी 18 एमएमवर कॅमेरा उभा लावतो, दर 30 अंशाला एक असे सहा थांबे, ओळी दोन, आणि दर थांब्याला दोन-दोन स्टॉपच्या फरकाने (एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड) तीन फोटो. झाले 36 फोटो. हे 36 जोडायचे दोन रस्ते आहेत अन् मी दोन्हींवरून गेलोय, म्हणून लिहितोय.

पहिला रस्ता म्हणजे आधी दर थांब्याचे तीन फोटो एन्फ्यूज या प्रोग्रॅमने एकत्र म्हणजे फ्यूज करायचे, मग जे बारा उरतील ते जोडायचे. दोन वर्षं मी हेच केलं. सोपं आहे, फोटो कमी, कंट्रोल पॉइंट (शेजारच्या फोटोंतल्या जुळणाऱ्या खुणा) कमी, आठ जीबी रॅमच्या लॅपटॉपवर पण लाईन जायच्या आत काम होऊन जातं. कोणी नवीन असेल तर इथूनच सुरुवात करा म्हणेन.

पण एका लॉजवाल्या भाऊला सहा फुटी प्रिंट करून दिली तेव्हा मला त्यातली खोड दिसली. स्क्रीनवर काहीच जाणवलं नव्हतं. भिंतीवर लावल्यावर त्यांनी सूर्याच्या डाव्या बाजूला आभाळावरून बोट फिरवलं अन् विचारलं, "भाऊ, इथं धूर होता काय?" तिथं एक उभा मळकट पट्टा होता, बरोबर एका फोटोच्या रुंदीएवढा. नीट पाहिलं तर तसे आणखी दोन होते. गोधडीला ठिगळं असतात तसं आभाळ दिसत होतं, अन् एकदा दिसल्यावर मग डोळा तिथंच जातो.

मला आधी वाटलं एक्स्पोजर चुकलं असेल, पण ते मॅन्युअल होतं, व्हाइट बॅलन्सही एकच ठेवलेला. ओव्हरलॅप वाढवून पाहिला, शिवण लपवणाऱ्या एन्ब्लेंड प्रोग्रॅमने परत जोडून पाहिलं, फोटोशॉपात त्या पट्ट्यावर ब्रश मारून पाहिला तर पट्टा गेला अन् त्याच्या बाजूला दुसरा आला. काहून होते ते नंतर समजलं. एन्फ्यूज ज्या पद्धतीवर चालतं ती मर्टेन्स, काउत्झ आणि व्हॅन रीथ यांनी 2007 मध्ये मांडली, त्यात प्रत्येक पिक्सेल कोणत्या फोटोतून किती घ्यायचा याचं वजन ठरतं, अन् मिसळताना फोटोच्या लहान-लहान होत जाणाऱ्या प्रती वापरतात. सगळ्यात लहान प्रतीतला फरक पूर्ण फोटोभर पसरतो. म्हणजे ज्या फोटोत सूर्य आहे त्याचं आभाळ एका हिशोबाने ठरतं अन् शेजारच्या, सूर्य नसलेल्या फोटोचं दुसऱ्याच हिशोबाने. बारा फोटो, बारा हिशोब. मग जोडताना शिवण लपते, पण रंगाची पातळी कशी लपणार?

दुसरा रस्ता याच्या उलट आहे. ह्युगिन या पॅनोरामा जोडायच्या प्रोग्रॅममध्ये सगळे 36 एकदम टाकायचे, दर थांब्याच्या तीन-तीनचे स्टॅक म्हणजे गट करून पोझिशन लिंक करायची (तिन्ही एकाच जागी बांधायचे) अन् कंट्रोल पॉइंट फक्त मधल्या एक्स्पोजरवर शोधायचे, कारण काळ्या फोटोत प्रोग्रॅमला काही सापडत नाही अन् तो भलतंच काहीतरी जोडतो. वरच्या ओळीत नुसतं आभाळ असलं तर तिथंही पॉइंट मिळत नाहीत, तेव्हा मी यॉ अन् पिच (आडवा अन् उभा कोन) हातानेच भरतो, ट्रायपॉडच्या हेडवर अंश पाहिलेले असतातच. ढग असतील तर त्यांच्यावरचे पॉइंट काढून टाका, ढग चालत असतात. शेवटी स्टिचरमध्ये 'एक्स्पोजर फ्यूज्ड फ्रॉम एनी अरेंजमेंट' निवडायचं. यात गडद, मधला अन् उजळ असे तीन पूर्ण पॅनोरामा आधी तयार होतात अन् मग ते तिन्ही एकदाच फ्यूज होतात. अख्ख्या आभाळाला एकच हिशोब, त्यामुळे पट्टे पडत नाहीत, निदान मला तरी नंतर दिसले नाहीत.

किंमत मोजावी लागते, ते खरं आहे. तीन मोठे पॅनोरामा म्हणजे टेम्पररी टिफ फायलींनी डिस्क भरते, वेळ लय लागतो, अन् मधेच लाईन गेली, बॅटरी उतरली की काम पहिल्यापासून. मी रात्री इन्व्हर्टरवर लावून झोपतो.

तरीही, राजेहो, पहिला रस्ता वाया गेला असं मी म्हणणार नाही. लोणारच्याच दैत्यसूदन मंदिरात, पुरातत्त्व खात्याची परवानगी नसली तर ट्रायपॉड लावता येत नाही, हातातच फोटो घ्यावे लागतात, तिथं तिन्ही फोटो थोडे-थोडे हललेले असतात अन् पोझिशन लिंक करून चालत नाही. मग आधी स्टॅक जुळवून फ्यूज केलेलंच बरं, अन् कोरलेल्या दगडात पट्टे लपूनही जातात. सपाट आभाळ नाही ना तिथं.

तुमच्याकडे लाइटरूम या फोटो प्रोग्रॅमची वर्गणी चालू असेल तर त्यात 2018 पासून ब्रॅकेट केलेल्या फोटोंचा एचडीआर पॅनोरामा एका दमात होतो अन् डीएनजी (रॉसारखी फाइल) मिळते, टोन नंतर ठरवायचा असल्याने पट्ट्यांचा प्रश्न तसाही कमी येतो. फक्त सगळ्या थांब्यांवर फोटो तेवढेच अन् फरकही तेवढाच लागतो, एखादा फोटो डिलीट झाला असेल तर अडतं.

पहिल्यांदा ह्युगिनने करत असाल तर मधल्या एक्स्पोजरचे बाराच फोटो आधी जुळवून पाहा. क्षितिज सरळ आलं, समोरचा काठ कुठं तुटत नाही असं दिसलं की मग बाकीचे 24 त्याच स्टॅकांत चढवा, अन् रात्रीच्या आधी डिस्क किती रिकामी आहे तेवढं बघून घ्या.