लाइव्ह ट्रान्सक्राइब: दोघांच्या गप्पांत पास, मीटिंगमध्ये काठावर

ऐकू न येणाऱ्यासमोर कुणी बोललं की ते लगेच पडद्यावर मराठीत उमटवणारं हे गुगलचं मोफत अँड्रॉइड ॲप. 2019 मध्ये आलं, गॅलोडेट या कर्णबधिरांच्या विद्यापीठाच्या सहकार्यातून. बऱ्याच फोनांत सेटिंग्जमधल्या ॲक्सेसिबिलिटीत सापडतं; नसेल तर प्ले स्टोअरवरून घ्यायचं. दोन भाषा लावून ठेवल्या की एका टॅपमध्ये बदलता येतात.

कोपऱ्यातल्या वर्तुळाकडे सहसा कुणी बघत नाही, आणि निम्म्या तक्रारी तिथेच सुटतात. आतलं वर्तुळ म्हणजे आजूबाजूचा गोंगाट, बाहेरचं म्हणजे बोलणाऱ्याचा आवाज. दोन्ही जवळजवळ चिकटली, तर समोर येणाऱ्या मजकुरावर विसंबू नका. पंखा बंद करा, फोन बोलणाऱ्याच्या पुढ्यात सरकवा. मोठ्या टेबलावर बाहेरचा माइक जोडलेला बरा.

शांत खोलीत दोघंच असतील तर काम छान होतं. उत्तर टाइप करून त्याच पडद्यावर दाखवता येतं, त्यामुळे संभाषण एकतर्फी होत नाही. फक्त मराठीचा एक खोडा आहे. आपलं क्रियापद आणि नकार वाक्याच्या शेवटी येतात, आणि नेमका तिथेच बोलणाऱ्याचा आवाज पडतो. ‘उद्या पैसे मिळणार नाहीत’ मधलं ‘नाहीत’ गळालं की अर्थ उलटा! आकड्यांचंही तसंच: एकोणसाठ आणि एकोणसत्तर यांत गफलत सहज होते. रक्कम, तारीख, औषधाची मात्रा असेल तर ‘पाच, नऊ’ असं सुटं बोलायला सांगा आणि पडद्यावर ताडून घ्या. वारंवार येणारी नावं सेटिंग्जमध्ये स्वतंत्र शब्द म्हणून भरून ठेवता येतात. पहिल्याच दिवशी भरा.

मीटिंगमध्ये मात्र ॲप थकतं. कोण बोललं हे कळत नाही, दोघं एकदम बोलले की खिचडी होते. इथे अध्यक्षाने शिस्त लावायला हवी: एका वेळी एक जण, आधी नाव, मग मुद्दा. ही जबाबदारी ऐकू न येणाऱ्याच्या गळ्यात घालणं म्हणजे फुकटच्या ॲपवर आपली सोय लावून घेणं. आणि जिची पहिली भाषा सांकेतिक भाषा आहे, तिला मराठी मजकूर ही दुसरी भाषा असते. तिच्यासाठी दुभाषा लागतोच, ॲप असलं तरी.

नेट नसताना चालवायचं तर भाषेचा पॅक आधी उतरवावा लागतो. तो निवडक भाषांचाच आहे, तेव्हा आपली भाषा यादीत आहे का ते बघून घ्या. मजकूर जपायचा पर्याय चालू केला तर तो 3 दिवस फोनमध्ये राहतो. फोन घरात चार जण वापरत असतील तर हा पर्याय बंदच ठेवा आणि हवं तेवढंच कॉपी करून घ्या.