किचनचा डिजिटल वजनकाटा: बरेच महिने वापरून, आणि वॉरंटीवरून भांडून झाल्यावर

काल एकदाचा बदलून मिळाला, म्हणून आता लिहायला बसले. ५ किलोचा, १ ग्रॅमपर्यंत दाखवणारा साधाच काटा आहे, त्याचे फीचर्स सगळ्यांना माहितीयेत.

मला बोलायचंय ते ऑटो ऑफबद्दल. दोन मिनिटं आकडा हलला नाही की हा बंद! ब्रेड करणाऱ्यांना विचारा त्रास काय असतो ते. भांडं ठेवलं, टेअर केलं (म्हणजे भांड्याचं वजन धरून आकडा शून्यावर आणला), मैदा घातला, पाणी कोमट करायला वळले आणि परत बघते तर स्क्रीन काळी, टेअर गेलेलं, आता त्यात मैदा किती आणि भांडं किती कोण सांगणार, मग सगळं काढून पहिल्यापासून मोजा. ही वेळ बदलायची सेटिंगच नाही. एवढ्या एका गोष्टीसाठी मी तो परत करणार होते, आणि अजूनही एक स्टार त्याचाच कापलाय.

पण मग मी सगळी भांडी रिकामी मोजली आणि प्रत्येकाच्या बुडाला मार्करने वजन लिहून टाकलं. आता काटा बंद पडला तरी परत चालू करायचा, भांड्यासकट ठेवायचं, बुडाचा आकडा वजा करायचा. तेव्हापासून राग बराच उतरला.

कारण काट्याशिवाय आता मला जमणारच नाही. कपाने मोजलं तर तोच मैदा हलक्या हाताने भरून १२० ग्रॅमच्या आसपास येतो आणि दाबून भरला तर १५० पर्यंत जातो, त्यात ऑस्ट्रेलियन रेसिपीतला टेबलस्पून २० मिलीचा आणि बाकी बहुतेक ठिकाणी १५ चा. म्हणून माझ्या वहीतल्या सगळ्या ब्रेडच्या रेसिपी मी हळूहळू ग्रॅममध्ये आणल्या, मैदा १०० धरायचा, त्या हिशोबाने मीठ २, आणि खेळायचं ते फक्त पाण्याशी. पाणी ६५ ला पीठ सहज आवरतं, ७५ ला हाताला चिकटतं पण आतून जाळी काय सुंदर पडते! असं आकड्यात लिहिलं की पुढच्या वेळी नेमकं काय बदलायचं ते कळतं.

दोन गोष्टी लक्षात ठेवा. ग्रॅमऐवजी मिली दाखवणारा मिली मोड पाण्यापुरताच, १०० मिली तेल साधारण ९२ ग्रॅमच भरतं. आणि यीस्ट चिमूट चिमूट टाकलं तर हा धरतच नाही, शून्याजवळचा बारीक बदल तो परत शून्यच करून टाकतो, तेव्हा टेअर न करता वाटीसकट मोजा.

खरा आनंद मात्र विणकामात मिळाला. १०० ग्रॅमच्या गुंड्यातून मोज्यांची जोडी करायची तर ५० ग्रॅम उरली की पहिला मोजा संपवायचा, दुसऱ्याला लोकर कमी पडायची भीतीच गेली. आता काटा अर्धा वेळ लोकरीच्या टोपलीतच असतो.

आणि मग तो बिघडला. वर काही नसताना ३०० ग्रॅम दाखवायला लागला, सेल नवे घातले तरी तेच. सर्व्हिसवाल्यांनी काटा न उघडता, नुसत्या फोटोवरून सांगितलं की ओव्हरलोड झालाय, वॉरंटीत बसत नाही. आता आत एक धातूची पट्टी असते, वजनाने ती किंचित वाकते आणि तिच्यावरचं सेन्सर ते मोजतं, जास्त वजनाने ती कायमची वाकू शकते हे मलाही मान्य आहे, पण माझा काटा उभा ठेवलेला असतो आणि त्याच्यावर मी कधी काही रचत नाही. मी एकच धरून बसले, उघडा, वाकलेल्या पट्टीचा फोटो पाठवा आणि कारण लेखी द्या. फोटो आला नाही, लेखीही काही आलं नाही, बऱ्याच फोननंतर नवा काटा आला. मेल सांभाळून ठेवलेत आणि तुम्हीही फोनवर बोलत बसू नका, सगळं मेलवरच करा.

नवा आल्या आल्या एकच पुडा मधे आणि चारही कोपऱ्यांत ठेवून बघितला, आकडा सगळीकडे सारखा आहे. ऑटो ऑफ तेवढंच, दोन मिनिटं. तुम्ही घेणार असाल तर दुकानातच चालू करा, वर काहीतरी ठेवा, मोबाइलवर टायमर लावा आणि बंद होईपर्यंत हलू नका.