पेरर, एर की लिबएक्सप्लेन : सिस्टम कॉल फसल्यावर सांगायचं कसं

सिस्टम कॉल, म्हणजे प्रोग्रॅमने ऑपरेटिंग सिस्टमकडे केलेली मागणी, फसला की त्याचं कारण छापणारं ‘पी-एरर’ नावाचं फंक्शन सी भाषेत आहे. आमच्या ऑफिसात ‘पी-एरर’ असं कुणी म्हणत नाही, ‘पेरर’च म्हणतात. नाव चपखल आहे, कारण त्यात जे पेराल तेच उगवतं. अवतरणात ‘ओपन’ पेरलंत की लॉगमध्ये ‘ओपन : नो सच फाइल ऑर डिरेक्टरी’ उगवतं. त्याहून एक अक्षर जास्त नाही.

सीमध्ये नवा प्रोग्रॅम हाती घेताना फसलेल्या सिस्टम कॉलची बातमी कशातून द्यायची, हे सुरुवातीलाच ठरवलेलं बरं. नंतर बदलणं फार जिवावर येतं. माझ्यापुढे तीन पर्याय होते : पेरर, बीएसडी या युनिक्सच्या घरातून आलेली एर-वॉर्न ही भावंडं, आणि लिबएक्सप्लेन ही लायब्ररी. एररच्या आकड्याचे शब्द करणारा स्ट्र-एरर आणि छापणारा एफ-प्रिंटएफ जोडून स्वतःच लिहायचं हाही मार्ग आहे, पण तो म्हणजे एरच हाताने पुन्हा लिहिणं. शिवाय थ्रेड आले की स्ट्र-एरर-आर घ्यावा लागतो, आणि त्याचे दोन अवतार : पॉझिक्स या मानकाचा इंट परत करतो, जीएनयूचा स्ट्रिंगचा पॉइंटर. कुठला पदरात पडेल हे कंपाइल करताना दिलेल्या फीचर मॅक्रोवर ठरतं. लिनक्सवरच्या नेहमीच्या सी लायब्ररीत, म्हणजे जी-लिबसीत, २.३२ पासून साधा स्ट्र-एररही थ्रेडमध्ये सुरक्षित झालाय, तेव्हा ती डोकेदुखी निदान तिथे तरी संपली.

माझ्या पहिल्या आवृत्तीत सगळीकडे पेरर होता. चाकणच्या एका कारखान्यात मशीनशेजारच्या छोट्या बोर्डावर तो प्रोग्रॅम चालायचा आणि मशीनचे आकडे गोळा करायचा. एक दिवस तो सुरूच होईना. शिफ्टवरचे काका फोनवर स्क्रीन वाचून दाखवत होते : “ओपन, नो सच फाइल.” माझ्या कोडात ओपन अकरा ठिकाणी होतं.

“कुठली फाइल, काका?”

“ते नाही लिहिलेलं हो साहेब.”

खरंच नव्हतं लिहिलेलं. मीच नव्हतं लिहिलं. तासभर एकेक पाथ सांगत गेलो, काका ‘आहे, आहे’ म्हणत गेले. शेवटी मी स्वतः जाऊन प्रोग्रॅमचा प्रत्येक सिस्टम कॉल दाखवणारा एस-ट्रेस लावला तेव्हा दिसलं : सिरियल पोर्टच्या नावाच्या शेपटाला कॅरेज रिटर्न (विंडोज ओळीच्या शेवटी न्यूलाइनआधी टाकतं ते न दिसणारं अक्षर) चिकटलेला. सेटिंगची फाइल कुणीतरी विंडोजवर नव्याने टाइप केली होती आणि मी ओळीच्या टोकाची फक्त न्यूलाइन कापत होतो. कर्नलचं म्हणणं शब्दशः बरोबर होतं. त्या नावाची फाइल जगात कुठेच नव्हती.

पेररवर माझा राग आहे तो मात्र वेगळ्याच गोष्टीसाठी. तो तयार स्ट्रिंग मागतो. फाइलचं नाव त्यात घालायचं तर आधी बफर घ्या, फसलेल्या कॉलच्या कारणाचा आकडा ज्यात असतो तो एर-नो बाजूला जपून ठेवा (कारण मधला कुठलाही कॉल तो बदलू शकतो), एस-एन-प्रिंटएफने बफरात मजकूर भरा, एर-नो जागेवर ठेवा, आणि मग पेरर. संध्याकाळी सहाची कंपनीची बस गाठायची असताना हे कोण करतं? ‘ओपन’ लिहायचं आणि निघायचं. माझ्या अकराही ठिकाणी तेच झालं होतं. दोष माझा आहेच, पण आळशी माणसाच्या हातून चांगली ओळ लिहून घेणारं फंक्शन मला जास्त आवडतं.

एर तसं आहे. ४.४ बीएसडीपासूनचं हे कुटुंब. एर प्रिंटएफसारखा फॉरमॅट घेतो, आधी प्रोग्रॅमचं नाव छापतो, मग तुमचा मजकूर, मग कोलन आणि एर-नोचा अर्थ, आणि दिलेला कोड घेऊन बाहेर पडतो. वॉर्न तेच करतो पण प्रोग्रॅम चालू ठेवतो. एर-नोचा संबंध नसेल तर एरएक्स आणि वॉर्नएक्स. एका ओळीत ‘पोर्ट उघडता आला नाही’ आणि पोर्टचं नाव दोन्ही बसतं, म्हणून ते लिहिलं जातं. नावाभोवती अवतरणचिन्हं तेवढी टाका. कॅरेज रिटर्न असला तर टर्मिनलवर बंद होणारं अवतरण उडी मारून ओळीच्या सुरुवातीला जातं आणि संदेश विद्रूप दिसतो. तो विद्रूपपणाच तुम्हाला कारण सांगतो.

नाव आणि हेतू लिहिण्याचा दुसरा फायदा : एर-नोचे शब्द कधीकधी सरळ दिशाभूल करतात. फायलींवर पाळत ठेवणाऱ्या आय-नोटिफायच्या वॉचची मर्यादा संपली की कर्नल ‘नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस’ म्हणतो, आणि माणूस डिस्कमधली जागा दाखवणारी डीएफ कमांड चालवून डिस्क रिकामी बघत बसतो. ‘या फोल्डरवर वॉच लावता आला नाही’ एवढं पुढे असतं तर तो डिस्ककडे वळलाच नसता. स्क्रिप्टच्या पहिल्या ओळीतला इंटरप्रिटर सापडला नाही तर प्रोग्रॅम सुरू करणारं एक्झेकही ‘नो सच फाइल’च म्हणतं, आणि स्क्रिप्ट तर समोर दिसत असते.

आता लिबएक्सप्लेन. पीटर मिलर या ऑस्ट्रेलियन प्रोग्रॅमरचं हे काम. ते २०१४ मध्ये गेले. लिबएक्सप्लेन बघून मी खरोखर थक्क झालो होतो. ओपन फसलं तर ते कॉल, दिलेला पाथ, फ्लॅग, एर-नोचा आकडा आणि नाव सगळं छापतं, आणि वर ‘कारण या डिरेक्टरीत अमुक नावाची डिरेक्टरीच नाही’ असं पाथचा कुठला तुकडा तुटलाय ते सांगतं. जवळपासचं नाव सापडलं तर ‘तुम्हाला हे म्हणायचं होतं का?’ असंही विचारतं. माझा कॅरेज रिटर्न त्याने पहिल्याच मिनिटाला उघडा पाडला असता, हे कबूल करायला हवं.

तरी मी ते बोर्डावर नेलं नाही. एक तर त्यावर जी-लिबसीऐवजी मसल ही दुसरी सी लायब्ररी होती, आणि माझ्या मशीनवर बोर्डासाठी कंपाइल (क्रॉस-कंपाइल) करण्यात माझा एक शनिवार गेला. तुमचा हात त्यात माझ्यापेक्षा बरा असेल. दुसरं, ते कारण शोधतं ते कॉल फसल्यानंतर, फाइलसिस्टम पुन्हा तपासून. आमच्याकडे दुसरा प्रोसेस फायली सतत तयार करतो आणि पुसतो, त्यामुळे कॉलच्या क्षणी नसलेली फाइल शोध घेताना तिथे असू शकते. आणि तिसरं, जे तांत्रिक नाहीच : ते अख्खं लांबलचक इंग्रजी वाक्य काकांनी फोनवर वाचून दाखवताना मी कल्पून पाहिलं. एरची ओळ ते एका दमात वाचतात.

हौशी वापरासाठी किंवा ज्या टूलचा वापरणारा स्वतः टर्मिनलसमोर बसलेला असतो तिथे मात्र लिबएक्सप्लेनचा जरूर विचार करा. त्याच्यासोबत येणारी ‘एक्सप्लेन’ ही कमांड माझ्या लॅपटॉपवर आहे. एस-ट्रेसमध्ये दिसलेला फसलेला कॉल तिला दिला की ती कारण उलगडते. तेवढं मला पुरेसं वाटतं.

एरची दुखणीही सांगतो. ते पॉझिक्समध्ये नाही, विंडोजवर मिळत नाही. लायब्ररीत एर वापरू नका, दुसऱ्याचा प्रोग्रॅम आतून बंद पाडणं हे पाहुण्याने घराचा मेन स्विच काढण्यासारखं आहे. पी-थ्रेडची (थ्रेड चालवणारी) फंक्शनं एररचा आकडा थेट परत करतात, एर-नोत ठेवत नाहीत. बीएसडीवर त्यासाठी एरसी आहे, जी-लिबसीत नाही, म्हणून आकडा आधी एर-नोत भरावा लागतो. जीएनयूच्या एरर फंक्शनला आकडा थेट देता येतो, पण मसलमध्ये ते नाही, त्यामुळे माझा प्रश्न तिथेच मिटला. आणि प्रोग्रॅमने सेट-लोकेल करून भाषा निवडली असेल तर हे शब्द भाषांतरित होऊन येऊ शकतात. लॉगमध्ये ग्रेपने हे शब्द शोधायचे असतील तर आधी ते बघून घ्या.

त्या प्रोग्रॅममधले अकराही ओपन आता एर किंवा वॉर्नमधून बोलतात. पेरर दोनच जागी उरलाय, फोर्क आणि पाइप. तिथे सांगायला नावच नसतं, म्हणून राहू दिलाय.