कांद्यावरचे फुलकिडे: पातीवरचा मित्रकोळी घ्यावा की मातीतला?

कुठलाही मित्रकोळी (पिकावरच्या किडी खाणारा अगदी बारीक कोळी) फुलकिड्याच्या सगळ्या अवस्था खात नाही, निवड चुकते ती इथेच. अंडी पातीच्या आत घातलेली असतात, तिथे कोळी पोचत नाही. पिल्ले पोंग्यात (मधल्या कोवळ्या पातींच्या बेचक्यात) दडून पात खरवडतात, कोष बहुतेक मातीत होतात आणि प्रौढ उडून निसटतात.

पातीवर सोडायचे दोन. कुकुमेरिस २० ते २५ अंश तापमानात आणि ६५ टक्क्यांवर आर्द्रतेत चांगले काम करतो. स्विर्स्की जास्त उष्णता सोसतो. दोघेही मुख्यतः पहिल्या अवस्थेतली पिल्लेच धरतात. रोपवाटिका आणि शेडनेटसाठी हे ठीक. उघड्या शेतात मात्र कांद्याची पात त्यांना साथ देत नाही: उभी, मेणचट, पोट भरायला परागही नाहीत. कोळी ज्यात मिसळून येतात तो कोंडा वाऱ्याने उडतो आणि पुन्हा पुन्हा सोडावे लागते.

मातीतला स्ट्रॅटिओलेलॅप्स (जुने नाव हायपोआस्पिस) तपकिरी, जेमतेम मिलिमीटरभर. वरच्या दोन-तीन सेंटिमीटर थरात फिरून कोष खातो. फुलकिडे कमी झाले तरी मातीतल्या इतर बारीक किड्यांवर तग धरतो, म्हणून आमची पहिली पसंती यालाच. माती मात्र ओलसर आणि सेंद्रिय खताची हवी. पाणी साचले किंवा जमीन भेगाळली की तो टिकत नाही.

प्रमाण चौरस मीटरला १०० ते २५०. शंभर चौरस मीटरच्या रोपवाटिकेला १० ते २५ हजार पुरतात. हेक्टरला हाच हिशोब किमान दहा लाखांवर जातो. सलग शेतात एवढा खर्च करायचा आमचा सल्ला नाही.

बाटली आली की चिमूटभर कोंडा काळ्या कागदावर पसरून भिंगातून पाहा. चपळ पळणारे फिकट, नासपतीच्या आकाराचे ते कुकुमेरिस किंवा स्विर्स्की. संथ, पांढरे, लांब केसांचे ते त्यांचे खाद्य. पळणारे दिसत नसतील तर बाटली परत करा. १० ते १५ अंशांत आडवी ठेवा, एक-दोन दिवसांत वापरा, सोडण्याआधी हलकेच फिरवा. नाहीतर सगळे कोळी एकाच कोपऱ्यात पडतात.

लॅम्ब्डा-सायहॅलोथ्रिन, प्रोफेनोफॉस किंवा गंधक नुकतेच फवारले असेल तर थांबा, त्या पातीवर कोळी मरतात. पोंगा उलगडल्यावर आत पिल्लांचा खच दिसत असेल, तरीही उशीर झालेला आहे: आधी संख्या खाली आणा, मग कोळी सोडा.