‘लहानपणापासून एकत्र वाढलेली जोडी’: साप घेताना आमची झालेली फसवणूक

गेल्या रविवारी ती जाहिरात पुन्हा दिसली. फोटोतले साप वेगळे होते, पण मागचा निळा पडदा तोच, फोन नंबर तोच आणि मजकूरही तोच: लहानपणापासून एकत्र वाढलेली जोडी, घर बदलतोय म्हणून द्यायची आहे, वेगवेगळे देणार नाही. सात महिन्यांपूर्वी याच शब्दांवर विश्वास ठेवून आम्ही २८० पौंड रोख मोजले होते. आता दुसरं कुणीतरी मोजेल, म्हणून लिहायला बसले.

आम्ही इंग्लंडमध्ये, लेस्टरला राहतो. लेकीला अकराव्या वाढदिवसाला साप हवा होता. माझं माहेर शिराळ्याजवळचं आणि मामा सर्पमित्र, त्यामुळे घरात साप ही कल्पना मला परकी नव्हती. भारतात आपले साप पाळणं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे, आणि ते योग्यच आहे. इथे मात्र रॉयल पायथन पाळायला परवाना लागत नाही. बॉल पायथन म्हणतात तोच हा. मूळचा पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतला छोटा अजगर, घाबरला की डोकं आत घेऊन चेंडूसारखा गोळा होतो. नीट सांभाळला तर वीस-तीस वर्षं जगतो. तापमान, ओलावा, खाणं, सगळं मी वाचलं होतं. एक घ्यावा की दोन, हा प्रश्नच डोक्यात आला नव्हता. तो विकणाऱ्याने आणला आणि उत्तरही त्यानेच देऊन टाकलं.

माणूस बोलायला गोड. तीन फुटांची काचेची पेटी, खाली एका बाजूला एक हीट मॅट, म्हणजे विजेवर तापणारी चटई, वर लाकडाची एकच ढोली. ती उचलून त्याने दाखवलं: दोन साप एकमेकांना वेटोळे घालून, एकाचं डोकं दुसऱ्याच्या अंगावर. “एकमेकींशिवाय झोपत नाहीत. वेगळ्या केल्या तर खाणं सोडतील.” दोन्ही माद्या आहेत, बहिणी आहेत, दर आठवड्याला खातात, असंही म्हणाला. लेकीचे डोळे भरून आले. पावती मागितली तर म्हणाला, घरगुती व्यवहारात पावती कसली.

पहिल्या आठवड्यात मोठीने उंदीर खाल्ला, लहानीने तोंड फिरवलं. मी मेसेज केला. “नवं घर आहे, रुळेल.” दुसऱ्या आठवड्यात तेच. आणि इथेच मी फसत राहिले, कारण रॉयल पायथन खरोखरच आठवडेच्या आठवडे उपाशी राहू शकतात. प्रत्येक माहितीपत्रकात तसं लिहिलेलं असतं. खरी गोष्ट खोट्याच्या मदतीला आली की माणूस शंका घेत नाही. पेटीत विष्ठा दिसली, तर ती कुणाची हेही कळायला मार्ग नव्हता. सोळाव्या दिवशी रात्री लहानीने मान वर करून तोंड किंचित उघडं ठेवलेलं दिसलं. श्वासाबरोबर टकटक असा बारीक आवाज येत होता आणि नाकपुडीवर बुडबुडा होता.

सापांच्या डॉक्टरीणबाईंनी आधी वजन केलं. मोठी १,४२० ग्रॅम, लहान ५३५. मग लिंग तपासलं: लहान साप नर होता. म्हणजे बहिणी नव्हत्याच, आणि पुढेमागे अंडी झाली असती तर त्या मादीची आणखी परवड. हनुवटीखालच्या खवल्यांत मोहरीपेक्षाही बारीक काळे परजीवी, माइट्स, निघाले. ते एका सापावरून दुसऱ्यावर जायला वेळ लागत नाही. फुप्फुसांत संसर्ग होता. वेटोळ्यांचा फोटो मी मोठ्या कौतुकाने पुढे केला, तेव्हा त्यांनी शांतपणे समजावलं. साप अंगात ऊब तयार करत नाही, ती बाहेरून घेतो. या अजगराला एका टोकाला ३१-३२ अंश लागतात, दुसऱ्या टोकाला २५-२६, आणि दोन्हीकडे लपायला आडोसा. तुमच्या पेटीत उबेची जागा एक, आडोसाही तिथेच एक. दोघं आणखी जाणार कुठे? ज्याच्यात जोर आहे तो नीट बसतो, दुसरा खाली दबतो नाहीतर गारठ्यात राहतो. सततच्या ताणाने खाणं सुटतं, मग आजार धरतो. माणसाच्या डोळ्याला ती मिठी दिसते.

चौथ्या दिवशी लहानगा गेला.

मामांना फोन केला. “अगं, एका पिशवीत दोन साप मी कधी घातलेले पाहिलेस का? मण्यार तर दुसऱ्या सापाला गिळते!” ते ऐकून अंगावर काटा आला, कारण त्याच माणसाने आम्हाला एक किंगस्नेकही देऊ केला होता, “तोही यांच्यात राहील” म्हणून. किंगस्नेक निसर्गात इतर सापही खातो, विषारीसुद्धा.

फसवणूक किती आधीपासून ठरलेली होती, ते नंतर उमगलं. प्रत्येक रॉयल पायथनच्या कुशीवरचे ठिपके वेगळे असतात, आपल्या बोटांच्या ठशांसारखे. त्या नंबरच्या जुन्या जाहिराती चाळताना लेकीनेच ओळखलं: आमचा लहानगा, मानेमागे तुटलेला तो फिकट पट्टा. आम्ही घेण्याच्या पाच आठवडे आधी तो एकटा विकायला होता, आणि तेव्हाही बरगड्या दिसत होत्या. गिऱ्हाईक मिळालं नाही, म्हणून धडधाकट मादीच्या पेटीत टाकून त्याची “जोडी” केली. वेगळे देणार नाही, या अटीचा अर्थ तेव्हा कळला. आजारी जनावर खपवायची ती युक्ती होती.

असे विक्रेते हल्ली संशोधनाचाही दाखला देतात. कॅनडात २०२४ मध्ये रॉयल पायथनांवर अभ्यास झाला आणि ते एकाच आडोशात जमतात असं त्यात दिसलं, हे खरं आहे. गार्टर साप तर थंडीत हजारोंनी एकत्र राहतात. पण त्या अभ्यासात जागा मोठी होती आणि प्रत्येकाला पुरतील इतके आडोसे होते. तीन फुटांच्या पेटीत एका ढोलीखाली दोन जीव कोंबण्याला त्यातून आधार मिळत नाही. माझं मत पक्कं आहे: घरात एका पेटीत एकच साप. इंग्लंड आणि वेल्सच्या २००६ च्या प्राणी कल्याण कायद्यातसुद्धा प्राण्याला इतरांबरोबर किंवा इतरांपासून वेगळं ठेवण्याची गरज ओळखणं ही पाळणाऱ्याची जबाबदारी सांगितली आहे.

कुणी जोडी विकत असेल तर दोघांच्या खाण्याच्या आणि वजनाच्या नोंदी वेगवेगळ्या मागा. एकत्र ठेवणाऱ्याकडे त्या क्वचितच असतात. दोघांना वेगवेगळ्या डब्यांत खाताना तुमच्यासमोर पाहा. वर्षभरापूर्वीचे फोटो मागून ठिपके जुळवा. नाकपुड्या पाहा, आणि साप हाताळून झाल्यावर स्वतःच्या हातावर काळे कण दिसतात का तेही पाहा. वारंवार विकणारा असेल तर नगरपालिकेचा परवाना क्रमांक विचारा. इंग्लंडमध्ये पाळीव प्राण्यांचा धंदा करायला तो २०१८ च्या नियमांनुसार लागतो. “घर बदलतोय” म्हणणारा स्वतःला खासगी विक्रेता म्हणून दाखवतो, कारण विक्री खासगी असली की दुकानातून घेतलेली सदोष वस्तू ३० दिवसांत परत करायचा हक्क तिथे मिळत नाही. त्याला रोख रक्कम का हवी होती, तेही त्यातच आलं. जुन्या-नव्या जाहिरातींचे स्क्रीनशॉट जोडून मी तक्रार दिली आहे.

मोठी वाचली. माइट्स जायला दीड महिना लागला. आता ती चार फुटांच्या पेटीत एकटी असते, दोन टोकांना दोन आडोसे. एक्केचाळिसाव्या दिवशी तिने पुन्हा खाल्लं. लेकीने वहीत तारीख लिहिली, पुढे वजन लिहिलं: १,३६५. त्याच वहीच्या पहिल्या पानावर दुसरा एक रकाना आहे, ५३५ च्या पुढे रिकामा. तो ती खोडू देत नाही.